वार लावून जेवणारं झाड

नाना गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात बर्फाचा ट्रे होता. गुरुवार, म्हणजे माझा वार. गच्चीकडे निघालो होतो, तेवढ्यात दवाखान्यातून परतलेला त्यांचा मुलगा जिन्यात भेटला. "काका, बाबा पहाटे गेले..." एवढंच म्हणाला.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नाना माझे वरच्या मजल्यावरचे शेजारी. पोस्टातून निवृत्त झाल्यावर सुमनवहिनींना घेऊन ते हिमाचलात गेले आणि तिथे देवदारांखाली फुललेला रानटी पिओनी पाहून आले. पांढरी, ओंजळीएवढी फुलं. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी परसातल्या झाडाचा एक गड्डा दिला, तो स्वेटरमध्ये गुंडाळून नानांनी पुण्याला आणला. हिवाळाभर कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय हे झाड फुलत नाही, आणि पुण्याची थंडी त्याला कुठून पुरणार? म्हणून नानांनी त्याचे वार लावले. पूर्वी गरीब विद्यार्थी रोज एकेका घरी जेवायचे, तसा गच्चीतल्या कुंडीला रोज एकेका घरचा बर्फ. रविवार त्यांनी स्वतःकडे ठेवला. "पुण्याला शिकायला आलंय ते," असं दारोदार सांगायचे. त्यावर तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "कितव्यांदा नापास झालं, तेही सांगा."

नापासच होत होतं. माघात लालसर कोंब यायचे, पानं यायची, वैशाखात करपायची. ते एकदा इथे फुललेलं पाहायचं, याखेरीज नानांना दुसरी हौस नव्हती. वहिनींचा मात्र त्या कुंडीवर राग. नानांना दमा; गार गच्ची, गार हात, मग रात्रभर खोकला. "त्या झाडापायी जीव द्याल एक दिवस," त्या म्हणायच्या आणि घरच्या फ्रीजमध्ये बर्फ लावू द्यायच्या नाहीत. त्यामुळे नानांचा रविवारचा ट्रेसुद्धा माझ्याकडेच असायचा. वहिनींना ते ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हालाही.

गेल्या वर्षी वाटाण्याएवढी एक कळी आली. तशीच वाळली. मला फार वाईट वाटलं. नाना म्हणाले, "असू द्या हो... निदान त्याच्या मनात तरी आलं."

तेराव्यानंतर बर्फाचा विषय कुणी काढेना. थंडीत या झाडाचं मातीवर काहीच दिसत नाही, त्यामुळे ते जिवंत आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. वहिनी कुंडी टाकून देतील अशीच माझी समजूत होती, आणि त्यांना बोल लावायची माझी हिंमतही नव्हती. एका शनिवारी संध्याकाळी त्या दारात आल्या.

"भाऊजी, ह्यांचा रविवारचा ट्रे तुमच्याकडे असतो ना? तो द्या."

"मी नेत जाईन वर बर्फ. तुम्ही कशाला..."

"तुमचा गुरुवार. तुम्ही तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो, तेव्हा त्या कुंडीपाशी बसून मातीवर एकेक खडा ठेवत होत्या. ट्रे रिकामा झाला तरी हात पदराला न पुसता तशाच बसून राहिल्या. कुंडीत अजून काही दिसत नाही. रविवारचा बर्फ आता नानांच्या घरच्या फ्रीजमध्ये होतो.