गच्चीवरच्या शिपायाचं तोंड

आमचं घर पणजोबांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलं, सातारा जिल्ह्यात, उसाच्या गावात. पहिल्या लढाईला ते आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघेही गेले होते. परत एकटे पणजोबाच आले. तिकडे इराकात, बसऱ्याकडे पाहिलेले साहेबांचे बंगले त्यांच्या डोक्यात बसले होते. म्हणून पुढे अर्धगोल व्हरांडा, सिमेंटची जाळी, रंगीत फरशी. आणि मागे चूल, न्हाणी, बैलांची दावण जशीच्या तशी. पुढून साहेब, मागून पाटील, असं गाव चिडवायचं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण आमचे वासे सागवानी आहेत. कोयनेच्या भूकंपात शेजारच्या भिंती बसल्या, आमची फक्त कौलं सरकली.

व्हरांड्यावर गच्ची आहे आणि गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचा शिपाई. न परतलेल्या भावाचा पुतळा. दिवाळीआधी थोरल्या सुनेनं त्याला रंग द्यायचा, ही घरची रीत. रंगही ऑइलपेंटच, पावसाला दाद न देणारा. जुना रंग खरवडायचा नाही, कारण माणसाचं कातडं सोलतात का? त्यामुळे थरावर थर चढत गेले आणि माझ्या लहानपणीच शिपायाचं तोंड रताळ्यासारखं झालं होतं. नाकडोळे ब्रशनंच काढावे लागायचे.

माझा भाऊ पलटणीत होता. बर्फात गाडी घसरून गेला. शत्रू नव्हता, लढाई नव्हती, रस्ता खराब होता. तेव्हापासून आई शिपायाला भावाचं तोंड काढायची. खाली वळलेली मिशी, भुवईवरचा व्रण. आई काही चित्रकार नव्हे, पण दिसायचा तोच. रंगवताना ती त्याच्याशी बोलायची, जेवलास का, थंडी हाय का तिकडं. मी खाली आकाशकंदील बांधत ऐकायचे. मला काही वाटायचं नाही. तो गेल्यापासून मला फारसं काही वाटतच नाही. दाढ बधिर केल्यावर जीभ लागते, दात आहे एवढं कळतं, तसं. लोक मला खंबीर म्हणतात. लोकांचं काय जातंय.

गेल्या वर्षी शिपायाच्या छातीला तडा गेला. मी सांगलीत नोकरी करते. तिथून जुन्या घरांची दुरुस्ती करणारी एक आर्किटेक्ट घेऊन आले. तिनं ठोकून पाहिलं. रंगाच्या थरांमागे पाणी अडकून आतली सळई गंजली होती. सगळा रंग उतरवला नाही तर पुतळा पुढचा पावसाळा काढणार नाही, म्हणाली.

"म्हंजी तोंडबी खरवडणार?" आईनं विचारलं.

"सगळंच, काकू. पण खाली मूळचा चेहरा असेल ना. तो मिळेल तुम्हाला."

मूळचा चेहरा आईला काय करायचा होता? तिला पोराचा हवा होता. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "पडून फुटण्यापरीस बरं. काढा."

रंग उतरायला लागला. खाकी, हिरवा, पुन्हा खाकी, मध्येच एक गुलाबी. त्या साली दुकानात दुसरा उरला नसेल. गवंड्यानं कोटाची बटणं, पट्ट्याचं बक्कल, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्यांची घडी न् घडी कोरली होती. आणि तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. गुळगुळीत सिमेंट. पणजोबांच्या भावाचा फोटो नसणार आणि गवंड्यानं त्याला कधी पाहिलेलं नसणार. म्हणजे पहिल्या सुनेपासून सगळ्या जणी आठवेल ते तोंड काढत आल्या होत्या. आर्किटेक्ट ओशाळली. मी तिला चहा दिला.

दिवाळीआधी आई आणि मी गच्चीवर गेलो. आईनं बूट रंगवले, कोट रंगवला, बटणं पिवळी केली. तोंडाशी आली आणि थांबली. उन्हात ब्रश वाळायला लागला.

"भुवईपासून घे," मी म्हटलं.

तिनं ब्रश माझ्या हातात दिला. "तू काढ गं. मला न्हाई येत आता."

"रोज फोटो बघतेस की."

"फोटूतलं तोंड हाय ध्यानात. त्याचं न्हाई. दरसाली जुन्यावरनंच नवं गिरवत हुते मी. मला वाटायचं, मला आठवतंय."

फोटोत त्याची टोपी पार डोळ्यांपर्यंत ओढलेली आहे. मी ब्रश रंगात बुडवला. व्रण कुठल्या भुवईवर होता? लहानपणी मीच त्याला ढकललं होतं, रक्त मीच पुसलं होतं, आणि डावी की उजवी ते मला आठवेना. आईला विचारलं. तिलाही सांगता येईना. तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला रडू फुटलं. आईनं माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि रॉकेलच्या डब्यात टाकला.

यंदा शिपाई तसाच उभा आहे. रस्त्यानं जाणारं कुणी विचारतं, "आवं काकी, तोंड ऱ्हायलं का रंगवायचं?"

"व्हय," आई म्हणते. "ऱ्हायलंय."