घोडीच्या मागची जागा

गायीचं शेण रस्त्यावर पडलं की ते कोणी उचलायचं यावरून आमच्या गावात बायका भांडतात, कारण ते सगळ्यांनाच हवं असतं. घोडीची लीद मात्र कोणालाच नको. तिच्या गोवऱ्या कोणी थापत नाही, की तिनं अंगण सारवत नाही.

गावात घोडी एकच, हरिदासची शेवंती; तिच्याआधी तिची आई होती. ब्रह्मपुरीच्या आसपास कुठे लग्न निघालं की नवरदेव हिच्याच पाठीवर. हरिदास पुढे; गुलाबी फेटा, हातात लगाम, आणि मान अशी ताठ की लग्न नेमकं कोणाचं असा प्रश्न पडावा. मागे त्याची बायको मनकर्णा, एका हातात खराटा, कमरेवर टोपलं. लीद पडली की नाचणाऱ्यांच्या पायांतून वाट काढत ती उचलायची. उन्हाळ्यात तर वरातीआधी रस्ताभर फिरून दारोदार सांगायची, "बाई, फुलं सरकवा जी, घोडी येऊन राह्यली." लग्नं आणि मोहफुलं आमच्याकडे एकाच वेळी येतात, आणि फुलं वाळवायला डांबरी रस्त्यासारखी तापलेली जागा दुसरी नाही. तीस वर्षांत कोणाच्या फुलांवर लीद पडली नाही. त्याचं श्रेय आम्ही घोडीला द्यायचो. मोठी शहाणी घोडी, असं मीही म्हणायचो. माझं पंक्चरचं दुकान रस्त्याला लागूनच आहे, तेव्हा मला दिसत नव्हतं असं तरी कसं म्हणू?

माघात मनकर्णा तापानं गेली. चंद्रपूरला नेली आणि तिसऱ्या दिवशी प्रेतच आणलं. हरिदास रडला नाही. तेरवीला आलेल्यांना पाणी दिलं, शेवंतीला खरारा केला, जो जे विचारेल त्याला "हो" म्हणाला. मुलगी दिव्यानी कुरखेड्याला दिलेली. ती म्हणाली, "बाबा, माह्या घरी चाला." तर हा म्हणतो, "घोडीले कोन पाहीन?" मला त्याचा राग यायचा. एवढा संसार झालेला माणूस असा लाकडासारखा कसा राहू शकतो, हे मला कळत नव्हतं.

चैत्रात पहिली वरात निघाली. हरिदासनं फेटा बांधला, लगाम धरला आणि नेहमीसारखा समोर बघत चालू लागला. फुलं सरकवा म्हणून कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. केसरबाईच्या दारासमोर शेवंतीनं नेमकं तिच्या मोहफुलांवर केलं, आणि मागून नाचत येणाऱ्यांनी ते असं तुडवलं की फूल कोणतं आणि लीद कोणती ते कळेना. आठ दिवस पहाटे उठून, रानात वाकून वाकून वेचलेली फुलं. बाईनं तिथेच बसून कपाळाला हात लावला. पुढच्या वळणावर लिदीवरून एक मोटारसायकलवाला घसरला, त्याचा गुडघा फुटला. हरिदास चालतच राहिला, थेट मांडवापर्यंत.

दुसऱ्या दिवशी उपसरपंच प्रफुलनं ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांना बोलावलं. घोडीला गावचा रस्ता बंद करायचा का, एवढाच विषय. रस्ता एकच, तेव्हा बंद करणं म्हणजे घोडी विकायला लावणं. शेवंती गेली की हरिदासच्या घरात तो आणि रिकामा गोठा, एवढंच उरणार होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. तरी सर्वांत जास्त तोंड मीच सोडलं. रस्ता काय याच्या एकट्याचा आहे? जनावर मिरवायचं तर त्याच्या मागचं निस्तरायलाही शिकावं. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खोटं नाही.

हरिदास जमिनीकडे बघत ऐकत होता. मध्येच केसरबाई म्हणाली, "भाऊ, माह्या फुलाइचं जाऊ द्या. पन तुमी एकडाव तरी मागं वळून काऊन नाई पाह्यलं?"

त्यानं मान वर केली. काय विचारतात हेच त्याला उमगलं नसावं.

"मागं थे राह्यते ना," तो म्हणाला.

प्रफुल हातातल्या कागदाची उगाच घडी घालत बसला. शेवटी केसरबाईच हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, मनकर्णा गेली ना माघात."

"हो," हरिदास म्हणाला. "मालूम हाय मले."

त्यानंतर बंदीचं नाव कोणी काढेना. प्रफुल माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमीच लय बोलून राह्यले होते. आता तुमीच चाला घोडीच्या मागं." चारचौघांत लीद उचलायची म्हणजे! तेवढ्यात हरिदास उठला. "त्याइले लगाम द्या," तो म्हणाला. "मागं मी चालतो."

पुढच्या सोमवारच्या वरातीला त्यानं आपला फेटा माझ्या डोक्यावर बांधला. सकाळीच तो घरोघर सांगून आला होता, आणि केसरबाईनं फुलं सरकवलीही होती. बँड सुरू झाला. शेवंती हाताला हिसके देत होती, लोक माझ्याकडे बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. मी एकदाही मागे पाहिलं नाही. रस्ता स्वच्छ राहिला.

मांडवात मला खुर्ची मिळाली, सरबत मिळालं, पहिल्या पंगतीत आग्रह करकरून वाढलं. पंगत उठल्यावर हात धुवायला मांडवामागच्या हातपंपावर गेलो, तर हरिदास तिथे टोपलं धूत बसला होता.

"अरे, तू इथी? चाल, जेवून घे," मी म्हणालो.

त्यानं टोपलं पालथं घातलं. "भाऊ, मागून नुस्त्या पाठी दिसतात. कोनीच वळत नाई."

मी हात धुवायला पंपाचा दांडा धरला.

"तिले कोनी जेव म्हनत होतं का गा?"

मी आठवून पाहिलं. तीस वर्षांतल्या कितीतरी लग्नांत पहिल्या पंगतीला हरिदास माझ्या शेजारी बसलेला आठवला. भात मागून घेणारा, हसणारा. मनकर्णा एकाही पंगतीत आठवली नाही. ती कुठे जेवायची, जेवायची की तशीच घरी जायची, हे मला सांगता येईना, आणि तो तर मलाच विचारत होता. माझ्या हाताला अजून वरणाचा वास येत होता. मला फार लाज वाटली.