वजीर सांभाळा

या जगात आजवर बुद्धिबळाचा एकच डाव खेळला गेला आहे, अशी माझ्या मामेसासऱ्यांची ठाम समजूत आहे. तो डाव ते हरले. बँकांच्या स्पर्धेतली अंतिम फेरी होती ती. मामी गेल्यापासून मामा आमच्याकडे मुलुंडला राहतात आणि रोज सकाळी चहाबरोबर तो डाव पहिल्या प्याद्यापासून पुन्हा मांडतात. सुरुवातीच्या खेळ्या मलाही इतक्या पाठ झाल्यात की कुकर लावताना तोंडून 'घोडा बाहेर' निघून जातं. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातच विचारलं होतं, "इथे तू उंट काढला असतास का रे?" तो म्हणाला, "काका, आधी ओटीपी सांगा ना."

खरं तर डाव मामांच्या हातात होता. त्यांनी समोरच्याच्या वजिरावर घोडा रोखला आणि बोलून गेले, "वजीर सांभाळा." कोकणात त्यांच्या ओटीवर तशी रीतच होती, न सांगता वजीर मारणं म्हणजे चोरी. समोरच्याने वजीर हलवला आणि पुढे मामांचीच वाट लागली.

तेव्हापासून एकच गोष्ट त्यांना छळते. ते बोलले नसते, तर त्या माणसाला धोका दिसला असता का? दिसला असता, तर मामा नुसते हरले. नसता, तर जिंकलेला डाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवला. सुरुवातीच्या खेळ्यांवरून माणूस किती सावध ते कळतं, म्हणून ही रोजची उजळणी. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, त्यांनाच विचारा ना!"

"अगं, असं कसं विचारायचं? काय म्हणतील ते!"

गेल्या महिन्यात कळलं, त्या डावातले ते गृहस्थ घाटकोपरला मुलीकडे अंथरुणाला खिळलेत. मामा पट काखोटीला मारून निघाले. मीही सोबत गेले. मामांनी त्यांच्या उशाशी डाव मांडला, घोड्याच्या त्या खेळीपर्यंत आणला. ते गृहस्थ पटाकडे बघत राहिले.

"कोण जिंकलं हो?" त्यांनी विचारलं. त्यांना काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं.

मामांचा चेहरा मला पाहवेना. मग मामा म्हणाले, "तुम्ही जिंकलात. काय झकास खेळलात!" ते गृहस्थ तोंडभर हसले. मुलगी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

हल्ली सकाळी पट निघत नाही. इतकी वर्षं मी या डावाला कंटाळले होते, आता घर खायला उठतं. काल मामा अचानक म्हणाले, "मी बोललो म्हणूनच जिंकले असतील ना गं ते?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"असू दे," मामाच म्हणाले. "त्यांना एवढं हसायला तरी उपयोगी पडलं."