जासिमचं पान

माझा आजा आश्रुबा बसऱ्याला जाऊन आला होता. आमच्या घरात हे वाक्य अजून छाती पुढे काढून सांगतात, आणि मीही तसंच सांगणार. सिरसाळ्याच्या शिवारात बाकीच्यांचं जग परळीच्या बाजारापाशी संपत होतं, तेव्हा आमच्या आज्यानं आगबोट आणि खजुराची बनं पाहिली होती.

तो निजामाच्या राज्यातला काळ. आजा तट्टांवर माल लादून पार आष्टीपर्यंत जायचा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेला खेचरं हाकणारी माणसं हवी होती. आष्टीच्या बाजारात नगरच्या छावणीचा माणूस भेटला आणि आजा गेला तो थेट इराकातल्या बसऱ्याला. तिथं फौजेच्या डब्यात कसलं मांस आहे ते कळेना, म्हणून हा उपाशी राहू लागला आणि तापानं आडवा झाला. तबेल्यामागे जासिम नावाच्या तेल्याचं घर होतं. त्याच्या आईनं आज्याला खजुराचा पाक आणि तिळाचं लोणी चारून उभा केला. तिळाचं लोणी म्हणजे सोललेले तीळ भाजायचे आणि त्यांचंच तेल सुटून ते पातळ होईपर्यंत वाटत राहायचं. बरा झाल्यावर आज्यानं त्या म्हातारीला हातावर भाकरी थापून दाखवली. बाप्या माणूस भाकरी थापतोय हे बघून ती पोट धरून हसली म्हणे.

गावी आल्यावर मात्र कुणी हसलं नाही. समुद्र ओलांडला, परक्या धर्माच्या घरात जेवला, म्हणून भावकी बसली. भावकीचा प्रमुख राधाकिशन, आज्याचा थोरला चुलतभाऊ. जन्मात परळीपलीकडे गेलेला नाही, पण समुद्राचे सगळे नियम त्याला तोंडपाठ! त्यानं फर्मावलं, "प्रायश्चित्त घे, गावजेवण घाल, आन् त्यांचं अन्न खाल्लं ही चूक झाली, असं चारचौघांत म्हण."

"जेवण घालतो," आजा म्हणाला. "पण ज्या माउलीनं जीव वाचवला तिचं अन्न वाईट होतं, असं मी कावून म्हणू? ते न्हाई जमायचं."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरच्या शिजल्या अन्नाला भावकीनं हात लावला नाही. येळवस आली की हे जास्तच टोचायचं. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे शेतात कडब्याची कोप उभारतात, पाच दगडांचे पांडव मांडतात, आणि भज्जी, उंडे, आंबील घेऊन अख्खं गाव एकमेकांच्या शेतात जेवत फिरतं. वाटसरूलाही हाक मारून बसवतात. आमची आजी सत्यभामा दरसाल वीस माणसांचा स्वयंपाक करायची. भावकी यायची, पांडवांना हात जोडायची आणि न जेवता जायची. आजा एक पान मात्र ठेवायचाच. ते जासिमचं. शेवटी ते गाईला घालायचे.

आज्यानं हे सोसलं असतं. पण माझी आत्या, छबुबाई, लग्नाची झाली. ज्याच्या घरी भावकी जेवत नाही त्याच्या मांडवात कोण बसणार? दोन स्थळं येऊन परत गेली. आजी आज्याला एवढंच म्हणाली, "तुमी खोटं बोलू नका. मी बघते."

भावकीच्या नियमाला एक फट होती. शिजल्या अन्नाला विटाळ, कोरड्या शिध्याला नाही. राधाकिशनची बायको मंजुळाबाई आजीची जिवाभावाची जाऊ. तिची सासू तुळजाबाई पार बोळकी झाली होती, भाकरीही चावेना. दिवाळी झाल्यावर आजीनं मंजुळाबाईला कोरडे तीळ दिले आणि तिळाच्या लोण्याची कृती सांगितली. मंजुळाबाईनं ते स्वतःच्या चुलीवर भाजले, स्वतःच्या पाट्यावर वाटले, वर घरची काकवी ओतली. म्हातारी बोटं चाटून खाऊ लागली. अंगावर तेज आलं, आवाजही चढला.

येळवशीला राधाकिशनच्या कोपीत सगळी भावकी बसली होती. तुळजाबाईनं वाटी पुढे केली. "मंजुळे, हे लई झ्याक हाय. कुठं शिकलीस?"

मंजुळाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आश्रुभावजींनी आणलंय. बसऱ्याहून."

राधाकिशन ओरडला, "आई, थुंक ते!"

"दिवाळीपासून खातीय. कुठं कुठं थुंकू?" म्हातारी म्हणाली. "आन् तू? काल भाकरीला लावून वर दुसऱ्यांदा मागितलंस की!"

तुळजाबाईनं काठी घेतली आणि बांध तुडवत आमच्या शेताकडे निघाली. मागे मंजुळाबाई, तिच्या मागे एकेक करत सगळे.

आजा कोपीच्या तोंडाशी उभा होता. म्हातारी आत वाकली आणि मांडून ठेवलेल्या पानाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कुणाचं रे?"

खोटं बोलायला एवढी सोयीची वेळ पुन्हा आली नसती. पोरीचं लग्न त्या एका शब्दावर अडलं होतं.

"जासिमचं," आजा म्हणाला. "काकी, ज्याच्या आईनं मला वाचवलं त्याचं."

तुळजाबाई त्या पानाशेजारी फतकल मारून बसली. "मंग त्याच्या पंगतीला मला वाढ."

आज्यानं आंबिलीचं मडकं उचललं. तो रडत रडत वाढत होता. भावकी बसली. राधाकिशन बराच वेळ बांधावर घुटमळला, मग तोही आला. जागा एकच उरली होती, जासिमच्या पानाच्या पलीकडची. तिथं तो जेवला.

वैशाखात आत्याचं लग्न झालं आणि मांडवात तिळाचं लोणी कमी पडलं. आता आमच्या शिवारात येळवशीला ते कोपीकोपीत असतं, लोक त्याला 'बसरं' म्हणतात. आमच्या कोपीत मात्र एक पान जास्त असतं. परवा नव्या जावयानं विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, आमच्या भावकीतल्याचंच हाय, तुम्ही बसा त्याच्या शेजारी.