मंजुळाबाईची मोडाची पेज

मंजुळाबाई कुणाचं ऐकत नाही, ही ख्याती तिला रहाटणीत १९५५ साली मिळाली आणि तिने ती जन्मभर सांभाळली. तिचं मूळ होतं वाटीभर नाचणी.

नवरा ज्योतीराम पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर गवंडी. लेक नऊ महिन्यांची झाली तरी अंग धरत नव्हती. पेज घट्ट झाली की थुंकायची. पाणी घालून पातळ करावी तर पोट भरायचं, पण अंगी काही लागायचं नाही. मावळात मंजुळाबाईची आई अशा पोरांच्या पेजेत मोडाच्या नाचणीचं पीठ घाली. मंजुळाबाईने नाचणी भिजवून फडक्यात बांधली. मोड दिसताच सासू अंबूबाई कडाडली.

"कवळ्या ज्वारीचे पोंगे खाऊन माझ्या भावाच्या दोन कालवडी आडव्या झाल्या. कोंबात इख असतं."

"ती ज्वारी व्हती, आत्याबाई. ही नाचणी हाय."

"कोंब तो कोंब. पोरीच्या तोंडाला लावशील तर बघ."

घरात तंटा नको म्हणून मंजुळाबाईने तडजोड केली. विष असलंच तर जळून जाईल, असं म्हणून नाचणी तव्यावर काळपट होईस्तोवर भाजली आणि मग दळली. ते पीठ घातलं तरी पेज पळीला चिकटून बसली.

"ज्योतीला दे," अंबूबाई म्हणाली. "भिंतीला गिलावा करील."

शेजारचा नूरमोहम्मद रंगारी अंगणात कापड भिजवत होता. त्याला हसू आवरेना. कोऱ्या मांजरपाटाची खळ सोडवायला तोही मोड आलेल्या जवाचं पाणी वापरी.

"भाजून मोडाची जान घेतलीस की, बेटी. मी पाणी कोमट ठेवतो. उकळतं पडलं की मोडाचा जोर संपला, कापड ताठ ते ताठच."

दाण्यात कोंबासाठी शिधा साठवलेला असतो, पण तो कुलपात. दाणा रुजू लागला की कुलूप काढणारं एक द्रव्य तयार होतं. शास्त्रात त्याला विकर म्हणतात. ते पिठाची साखर करून कोंबाला पुरवतं. तेच रंगाऱ्याच्या हौदात खळ सोडवतं आणि पातेल्यात पेज सैल करतं. फार तापलं की मरतं. मंजुळाबाईला त्याचं नाव कधी कळलं नाही. तडजोड करायला नको होती, एवढं मात्र कळलं.

तिने पुन्हा नाचणी भिजवली. या खेपेला मोड उन्हात वाळवले, तवा चुलीजवळही आणला नाही. घट्ट पेज उतरवून बोटाला सोसेल इतकी निवू दिली आणि त्यात चमचाभर पीठ कालवलं. बघता बघता पळीवरून धार लागली. मग पेजेला एक कढ दिला आणि वाटी घेऊन ती सासूसमोर बसली.

"आधी मी पिते. सांजच्यापत्तूर मी आडवी झाले, तर पोरीला देऊ नका."

वाटी रिकामी करून ती नदीवर गेली, धुणं आपटून आली, सरपण फोडलं. अंबूबाई दारात बसून तिच्यावर नजर ठेवून होती.

दिवेलागणीला मंजुळाबाईने ताजी पेज केली आणि पोरीला मांडीवर घेतलं. वाटी संपली तरी पोरगी बोटं आत घालून चाटत राहिली.

"ग्वाड लागती व्हय तिला?" अंबूबाईने विचारलं.

"चाखून बघा."

"मला न्हाई मरायचं," म्हणत तिने नातीला उचलून घेतलं आणि पेजेने भरलेलं तोंड पदराने पुसलं.

"उद्या पुन्हा भिजवनार हाय," मंजुळाबाई म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.