पुढच्या महिन्याच्या मापाची चोळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मलाच हसू आवरत नाही आणि मग किस्सा अर्धा राहतो. आता काय सांगू तुम्हाला! लोक दुकानदाराकडून फसतात, नातेवाईकांकडून फसतात. मी फसले आमच्याच घरच्या वजनकाट्याकडून!

आम्ही ढिवर. कुरखेड्याकडे आमचं गाव. बाबा गावच्या तलावात मासेमारी करतात आणि मासोळी मोजायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आमच्याच पडवीत असतो.

मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते, होस्टेलवर राहायचे. ताईचं लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फोटोंचा. ताई म्हणजे नुसती काडी. आणि मी... जाऊ द्या. तिच्या शेजारी मी उभी राहिले की फोटोत तिसरं माणूस मावत नसे. तर ठरवलं, लग्नापर्यंत बारीक व्हायचं! औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. शहात्तर किलो. त्याच दिवशी भात सोडला.

भात सोडला! तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? अहो, आमचा धानाचा पट्टा. सकाळी भात, संध्याकाळी भात, मधे भूक लागली तर शिळा भात. महिनाभरानं घरी गेले तेव्हा आईनं वाढलेलं ताट मी मागे सारलं, तर तिचा चेहराच उतरला.

"काऊन? कोनाशी भांडण झालं का तुयं?"

"नाई व आई, डाएट करून राह्यली."

"मंग डाक्टरले दाखव ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा व्यापाऱ्याला मासोळी मोजून देऊन नुकतेच हातपाय धुवायला गेले होते. काटा चालूच होता. त्यावर कसलासा आकडा आणि आकड्याच्या आधी एक आडवी रेघ. मला वाटलं, खवला चिकटला असेल. ओढणीनं पुसला. निघेना. म्हटलं मरू दे, आणि चढले.

पासष्ट!

महिनाभरात अकरा किलो! मी खाली उतरले, देवाला नमस्कार केला आणि कोणाला काही न विचारता थेट चंद्रपूर गाठलं. एकदा तरी पुन्हा चढून बघायचं ना? नाही! चांगली बातमी कोणी तपासून घेतं का?

होस्टेलवर मी एका रात्रीत गुरू झाले. पोरी वही घेऊन बसल्या नाहीत, एवढंच बाकी राहिलं होतं. अख्ख्या मजल्यानं भात सोडला. मेसच्या काकू पातेलं घेऊन थेट आमच्या दारात.

"एवढा भात उरून राह्यला, आता मी का कोंबड्या पाळू?"

मधे एकदा औषधाच्या दुकानात पुन्हा वजन केलं, तर तिथं चौऱ्याहत्तर! मला दुकानदाराची कीव आली.

"भाऊ, काटा बिघडला तुमचा."

"ताई, नवाच आहे तो."

"नवा असून असं करून राह्यला? वापस करा!"

तो बिचारा काट्याकडे बघत राहिला.

मग मी हिशोब केला. महिन्याला अकरा, म्हणजे लग्नात मी चोपन्न. तोच हिशोब पुढे नेला असता तर दिवाळीपर्यंत मी या जगातच उरत नव्हते, पण इतक्या पुढचा विचार आम्हाला बीएस्सीला शिकवला नव्हता.

माझी रूममेट शबाना बल्लारपूरची. तिची अम्मी घरीच शिवणकाम करते. लग्नात मी करवली, म्हणून घागरा-चोळीचं भारी कापड घेऊन आम्ही दोघी अम्मीकडे गेलो. अम्मीनं टेप लावला.

"नाई अम्मी, या मापाची नको. चार बोटं कमी घ्या. लग्नापर्यंत होते बरोबर."

"बेटा, अंदर थोड़ा कपड़ा छोड़ देती हूँ. बाद में काम आता है."

"बिलकूल सोडू नका! जाड दिसते त्यानं."

अम्मीनं लेकीकडे पाहिलं. शबाना माझी एक नंबरची भक्त.

"अम्मी, ग्यारह किलो उतरी है वो. जैसा बोल रही, वैसा सिल दो."

शिवली. अगदी मी सांगितली तशी.

लग्नाची सकाळ. वऱ्हाड दुपारी येणार. शबाना आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेली. मी चोळी घातली. एक हात गेला, दुसरा गेला, पण पुढची दोन टोकं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत! शबानानं ओढलं, आईनं ओढलं, मी पोट पाठीला लावलं. काही नाही. आत सोडायला कापड नाही. दुसरा ड्रेस म्हणाल तर कॉलेजचा विटका कुर्ता. आणि आतल्या खोलीतून ताई हाका मारतेय, "वैशू, तू माह्या बाजूनं पाह्यजे वो! लवकर ये!" लहानपणापासून ठरलेलं होतं आमचं, तिच्या लग्नात मी तिच्या बाजूला. मला रडूच फुटलं.

वरून शाल पांघरली आणि तशीच तणतणत पडवीत गेले. आधी त्या काट्याला जाब विचारायचा होता. पाय ठेवणार, तोच बाबा आले.

"थांब थांब, शून्यावर येऊ दे त्याले. टब मोजला होता."

"कोनता टब?"

"पान्याचा. जित्ती मासोळी पान्यातच मोजा लागते ना. आधी पान्यासकट टब ठेवाचा, काटा शून्य कराचा, मंग मासोळी टाकाची. टब काढला का काटा उणे दाखवते. हे पाय रेघ."

तीच रेघ! जिला मी खवला समजून पुसत होते!

"बाबा, किती भरते तो टब?"

"नऊ किलो."

म्हणजे मी महिनाभर गावभर ज्याची मिरवणूक काढली, ते टबातलं पाणी होतं! बाबांनी काटा शून्यावर आणला. मी चढले. त्र्याहत्तर. दोन महिन्यांत तीन किलो. मी तिथंच फतकल मारून बसले आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं बाबा हसतील. हसले नाहीत.

"तीन किलो कमी झाले, अन् रडून राह्यली? तीन किलोची मासोळी टोपल्यात टाक, डोक्यावर घे अन् बाजारापर्यंत चालून पाय. मंग सांग मले, तीन किलो थोडे हायत का."

इतकं बरं मला कोणाच्या बोलण्यानं आजवर वाटलेलं नाही.

मागे वळून बघते तर शबाना कात्री घेऊन उभी. दुसऱ्या हातात तिची नवी जरीची ओढणी, खास याच लग्नासाठी घेतलेली.

"ए, कापू नको व! नवीन आहे तुयी!"

"चुप. हात वर कर."

तिनं ओढणी फाडली, चोळीच्या दोन्ही बगला उसवल्या आणि चार-चार बोटांच्या पट्ट्या बसवल्या. माझ्या अंगावरच टाके घालत होती आणि पुटपुटत होती, "मीच बोलली ना अम्मीले, शिव म्हनून. माहीच गलती." चूक माझी, ओढणी तिची, आणि माफी पण तीच मागतेय! वऱ्हाड आलं तेव्हा मी ताईच्या शेजारी होते. शबाना मात्र माझी कॉलेजची फिकी ओढणी घेऊन लग्नभर नाचली. त्या पोरीचे उपकार मी कुठे फेडू?

पंगतीत मी आईच्या हातून भात वाढून घेतला. आईचे डोळे भरले, माझं पोट भरलं. नंतर होस्टेलवर मी सगळ्यांना खरं सांगितलं आणि मेसच्या काकूंची माफी मागितली. शबाना आणि मी सकाळी चालायला लागलो. भात खायचा, पण एकच वाटी. कधी महिन्यात किलोभर उतरायचं, कधी काहीच नाही, एका महिन्यात तर उलट वाढलं. पण उतरलं. हळूहळू, आणि खरंखुरं.

आता परवा शबानाचीच सगाई ठरली. मी नवीन कापड घेऊन बल्लारपूरला गेले. अम्मीनं पाणी दिलं, चहा दिला, तब्येत विचारली. मग टेप गळ्यातून काढला, चष्मा नाकावर घेतला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं,

"बेटा, नाप तेरा लूँ, या अगले महीने जो आनेवाली है, उसका?"