शुक्रवारचं उधाण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तर मध्ये उठू नका — एकदा थांबलो की मी परत सुरू होणार नाही.

भिवंडीच्या खाडीत एक खडक होता, कालवं चिकटलेला, धारदार. उधाणाची भरती त्याच्यावरून चढली की पाण्याचा मोठा फुगवटा उठायचा. फळीवर पालथं पडून त्यावर झोकून दिलं की थेट काठापर्यंत. बास, एवढंच. पण सत्तरनंतरच्या त्या वर्षांत आम्हा लूमवाल्यांना त्याचं काय वेड लागलं होतं म्हणून सांगू!

आणि वैताग? तो तर विचारूच नका. लूम बंद शुक्रवारी, उधाण येणार पुनवेला नाहीतर अवसेला. दोघांचा मेळ बसेल तर शपथ! सुट्टीला जावं तर अष्टमीच्या आसपासचं, भांगाचं मेलेलं पाणी, खडक भिजवण्यापुरतं. पाणी असलं तर वारा उलटा. वारा बरा असला तर निम्मी भिवंडी आधीच फळ्या घेऊन हजर, आणि एका वेळी जाणार एकच जण. नुसती भांडणं.

माझा मामा रेतीच्या होडीवर होता. तिथीवरून भरतीची वेळ काढायला मी त्याच्याकडून शिकलो. म्हणून बाळाराम मला विचारायचा. तो अंबाडीकडचा, धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात माझ्या शेजारचे लूम चालवायचा, मला दादा म्हणायचा. पाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण फळीवर पडला की — सगळा काठ बघत राहायचा. शिकवला मी, आणि बघायचे त्याला! जळायचो मी. सरळच सांगतो, जळायचो.

मग एकदाची पुनव शुक्रवारी आली. वाराही पडलेला.

"दादा, कवा जायचा?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, चारला. भरती होती दुपारी एकची.

एक दिवस तरी तो मध्ये नको — एवढंच होतं ना माझ्या मनात? तेव्हा तरी एवढंच. मी मनसोक्त खेळलो. पाणी उतरायला लागलं तशी गर्दी पांगली. मीही घरी जायला हवं होतं. गेलो नाही. त्याचं पडलेलं तोंड बघायचं होतं बहुतेक.

चारला तो आला, पण तोंड पडलंच नाही. सुकतीला, पाणी उतरत असतानाही खडकावर ते उसळतं — वरून दिसतं तसंच, खाली मात्र टीचभर. त्यात गढूळ, काय दिसणार? खडक मोकळा बघून स्वारी खूश. फळी डोक्यावर धरून पाण्यात उतरला आणि लांबून ओरडला, "दादा, पानी चढतं हाय ना?"

इथेच मी इतकी वर्षं अडकतोय. नाही म्हणावं, तर माझं खोटं उघडं पडणार. आणि तो तर उत्तरासाठी थांबलेला, माझ्याकडे बघत.

मी हात वर केला. हो, चढतंय.

कालवांनी त्याचा उजवा पंजा फाडला. जखम भरली, पण बोटं वळेनात. धागा तुटला की गाठ मारायला तीच बोटं लागतात. शेठ म्हणाला, "हाथ नहीं चलता तो लूम क्या चलायेगा?" कारखान्यातले म्हणाले, सुकतीत उतरला, अक्कल नको का? मीही मान हलवली. अरे, काय माणूस होतो मी!

गावी जायच्या दिवशी तो माझ्या खोलीवर आला. काखेत फळी.

"तुजी काय चूक न्हाय, दादा. पानी कवा फिरला, मनाच समजला न्हाय." फळी त्याने भिंतीला टेकवली. "आता तू खेळ."

मी ठेवून घेतली. त्यानंतरच्या उधाणाला खाडा करून तिच्यावरच खेळलो. वारा पडलेला होता, गर्दी नव्हती, पाणी झकास चढत होतं. मजा आली.